सायकलची सही

जुन्या सायकलचा भाग बदलायचा तर आधी तिची ओळख पटवावी. बँकेत सही पडताळल्याशिवाय आम्ही पैसे देत नसू, तसेच हे! वडिलांच्या रॅलेच्या मागच्या हबवर ‘एडब्ल्यू’ आणि ‘52’ असे कोरले आहे. म्हणजे हा स्टर्मी-आर्चरचा तीन गिअरचा, 1952 सालचा हब. पण हब मागाहूनही बदललेला असू शकतो. खरी गोम आट्यांत आहे. इतर इंग्लिश सायकलींच्या क्रँकच्या अ‍ॅक्सलच्या वाटीला सर्रास इंचाला 24 आटे, तर नॉटिंगहॅमच्या रॅलेला 26! चुकीची वाटी थोडी फिरते आणि अडते. तिथे पान्याने जोर लावला, की फ्रेमचे आटे कायमचे गेले. वडिलांची आठवणही भंगारात! म्हणून मंडळी, झिजलेली वाटी फेकू नका. नवी शोधताना तीच मापाला लागते.