टपालातून येणारा उन्माद

परदेशांहून चेन्नईला येणारी पार्सले तेथील विदेश डाकघरात सीमाशुल्क विभागाच्या नजरेखालून जातात. २०२० आणि २०२१ ही दोन वर्षे महामारीची होती. विमाने थांबली, माणसांची ये-जा थांबली, परंतु टपाल थांबले नाही. आणि याच काळात नेदरलँड्ससारख्या युरोपीय देशांतून आलेली मादक द्रव्यांची पार्सले या डाकघरात एकामागून एक पकडली गेली. त्यांत रंगीबेरंगी गोळ्या अधिक होत्या. पण काहींत नुसते कागद होते. टपाल-तिकिटाहूनही लहान चौकोनांत आखलेले, वर चित्र छापलेले, वास नाही, चव नाही. बाजारात याला ‘स्टॅम्प’ म्हणतात. हा कागद जिभेवर ठेवला की त्यात मुरवलेली एलएसडी लाळेत उतरते. एका चौकोनात तिचे प्रमाण साधारणपणे ग्रॅमचा दहा हजारावा भाग, म्हणजे डोळ्यांना दिसणारही नाही एवढे. तेवढ्याने धडधाकट माणसाचे जग आठ ते बारा तास बदलून जाते.

हे द्रव्य पाश्चात्त्य आणि परके आहे अशी आपली समजूत असते. त्याचे मूळ मात्र शेतकऱ्याच्या ओळखीचे आहे. राय नावाच्या धान्याच्या कणसावर अर्गट ही बुरशी वाढते, आणि एलएसडी तिच्यातील अल्कलॉइडांपासून बनवली जाते. बाळंतपणातील रक्तस्राव थांबवण्याचे औषधही याच बुरशीतून निघते. त्यासाठी निलगिरीच्या थंड डोंगरांत राय पेरून तिच्यावर अर्गट मुद्दाम वाढवण्याचे प्रयोग दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मद्रास सरकारच्या कृषिखात्याने केले होते. बाजरीवर पडणारा अरगट हा याच बुरशीचा भाऊबंद. १९५६-५७ साली तत्कालीन मुंबई राज्याच्या दक्षिण भागात असली बाजरी खाऊन लोकांना मळमळ, ओकाऱ्या आणि गुंगी यांची साथ आली होती. पेरणीपूर्वी बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून वर तरंगणारे दाणे काढून टाकण्याचा जो सल्ला कृषिखाते आजही देते, तो याचसाठी. बाजरीच्या अरगटात एलएसडी नसते, हे येथे स्पष्ट केलेले बरे. नाहीतर भलत्याच प्रयोगाला निमित्त व्हायचे.

स्वित्झर्लंडमधील बाझल येथे सँडोझ कंपनीत आल्बर्ट हॉफमान या रसायनशास्त्रज्ञाने १९३८ साली एलएसडी प्रथम तयार केली. तिचा गुण मात्र १९४३ च्या एप्रिलमध्ये योगायोगाने उघडकीस आला. खात्री करून घेण्यासाठी १९ एप्रिल रोजी हॉफमानने पाव मिलिग्रॅम द्रव्य स्वतः घेतले, आणि थोड्याच वेळात त्याला सायकलवरून घरी परतावे लागले. खोलीतील सामान हलू लागले. दूध घेऊन आलेली शेजारीण त्याला मुखवटा घातलेली चेटकीण वाटली. आपण मरत आहोत किंवा वेडे होत आहोत असे त्याने धरून चालले. डॉक्टर आले, त्यांनी नाडी पाहिली, छाती तपासली. मोठ्या झालेल्या बाहुल्यांपलीकडे त्यांना काही आढळले नाही. या द्रव्याची सगळी अडचण या प्रसंगात आहे. रोग्याच्या आत प्रलय चाललेला असतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला फक्त डोळे विस्फारलेले दिसतात.

शरीरावर परिणाम होत नाही असे मात्र नाही. नाडी जलद चालते, रक्तदाब आणि ताप थोडा वाढतो, घाम सुटतो, हात कापतात, भूक आणि झोप नाहीशी होते. खरा व्यापार मेंदूत घडतो. मेंदूतील पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी सेरोटोनिन हे रसायन वापरतात, आणि ते स्वीकारणारे ग्राहक त्या पेशींवर असतात. एलएसडीचा रेणू यांपैकी काही ग्राहकांत जाऊन बसतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की तो आत शिरल्यावर ग्राहकाचा एक भाग झाकणासारखा त्याच्यावर बसतो, आणि त्यामुळे रेणू लवकर सुटत नाही. एवढ्याशा मात्रेचा अंमल इतका वेळ का टिकतो, याचा पुष्कळसा उलगडा त्यातून होतो. इंद्रियांनी आणलेली माहिती गाळून घेण्याचे मेंदूचे काम या काळात विसकटते: आवाजाला रंग येतो, भिंती श्वास घेतात, मिनिटाचा तास होतो. मनाची स्थिती चांगली असेल तर यालाच आनंद म्हटले जाते. ती वाईट असेल, तर त्याच दृश्यांची दहशत बसते आणि माणूस गच्चीवरून किंवा रस्त्यावरील वाहनांमधून वाट काढू पाहतो. अपघात घडतात ते येथे.

मग याचे व्यसन लागते काय? अफूचा किंवा दारूचा व्यसनी द्रव्य न मिळाल्यास तळमळतो, तशी शारीरिक तळमळ येथे नसते. उलट तीन-चार दिवस लागोपाठ घेतल्यास तीच मात्रा निष्प्रभ होते, म्हणून रोज घेणारे विरळाच. यावरून हे द्रव्य निरुपद्रवी आहे असा प्रचार होतो, आणि तो अर्धवट आहे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत बहुतेक मादक द्रव्यांच्या व्यसनविकाराच्या अकरा खुणा दिल्या आहेत. भ्रमजनक द्रव्यांसाठी तळमळीची खूण वगळून दहा उरतात. ठरवले त्याहून अधिक घेणे, सोडू म्हणून न सुटणे, तिच्यापायी शिक्षण, नोकरी, घर मागे पडणे, धोका दिसत असूनही घेत राहणे, अशांपैकी दोन खुणा वर्षभरात दिसल्या की विकार म्हणावा. आपल्या देशातील २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत १० ते ७५ वयाच्या लोकांपैकी ०.१२ टक्के भ्रमजनक द्रव्ये घेणारे आढळले. आकडा दारूच्या मानाने नगण्य आहे, पण एवढ्या मोठ्या देशात त्याचा अर्थ लाखांत जातो.

मागे राहणारे दोन परिणाम अधिक चिंतेचे आहेत. ज्याच्या कुळात किंवा स्वभावात स्किझोफ्रेनियासारख्या विकाराचे बीज आहे, अशा तरुणात या द्रव्याने ते अंकुरू शकते, आणि मग अंमल उतरला तरी भ्रम उतरत नाही. दुसरा परिणाम दृष्टीचा. द्रव्य सोडल्यावर महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे, हलत्या वस्तूमागे छाया ओढली जाणे, दिव्याभोवती वलये दिसणे, डोळ्यांपुढे बर्फ पडल्यासारखे ठिपके नाचणे, हे चालूच राहते. असा मुलगा आधी चष्मेवाल्याकडे जातो, मग नेत्रतज्ज्ञाकडे. खरे कारण तो सांगत नाही.

कागदावर नेहमी एलएसडीच असते असेही नाही. एनबोम या नावाने ओळखली जाणारी कृत्रिम द्रव्ये तिच्या नावाखाली विकली जातात, आणि त्यांच्या थोड्या मात्रेनेही झटके येऊन परदेशांत मृत्यू ओढवले आहेत. तमिळनाडूतच कोडैकानलच्या डोंगरांत सिलोसायबिन असलेल्या आळंब्या पर्यटकांना चोरून विकल्या जातात. त्याही कायद्याने निषिद्ध आहेत, आणि आळंबी ओळखण्यात चूक झाली तर यकृत गमवावे लागते. धोतऱ्याची गोष्ट आणखी निराळी. संस्कृतात त्याला ‘उन्मत्त’ म्हणतात, तमिळमध्ये ‘ऊमत्तै’. दोन्ही शब्दांचे नाते कानालाच कळते. धोतऱ्याच्या बिया खाल्लेल्या माणसाचे तोंड कोरडे पडते, अंग तापते, लघवी अडते, आणि आपल्याला भ्रम होत आहे याचे भानही राहत नाही. हे व्यसन नसून विषबाधा आहे. येथे घरी समजूत घालत बसू नये, तडक रुग्णालय गाठावे.

एलएसडीवर उतारा नाही. रुग्णालयात रोग्याला मंद उजेडाच्या शांत खोलीत ठेवतात. एक ओळखीचा, संथ बोलणारा माणूस जवळ बसतो आणि ‘हे औषधाने झाले आहे, काही तासांत ओसरेल’ एवढेच पुन्हापुन्हा सांगतो. भीती आवरेना तर डायझेपाम किंवा लोराझेपाम देतात. खडसावणे, बांधून घालणे, देवऋषाकडे नेणे यांनी दहशत वाढते. पुढचा टप्पा लांबचा: व्यसन सोडवणारी मान्यताप्राप्त गोळी या विकारासाठी नाही, म्हणून समुपदेशन आणि विचारांच्या सवयी बदलणारे मानसोपचार यांवरच भर असतो, आणि सोबत नैराश्य किंवा भ्रमविकार असल्यास त्याची औषधे. अलीकडे परदेशांत नैराश्यावर सिलोसायबिनचे प्रयोग चालू आहेत. ते निवडक रोग्यांवर, डॉक्टरांच्या नजरेखाली होतात, आणि ज्यांच्या घराण्यात भ्रमविकार आहे त्यांना सहसा वगळले जाते. प्रचारक हा भाग सांगायला विसरतात.

चेन्नईला या कामाची परंपरा जुनी आहे. तेथील मनोरुग्णालयाची सुरुवात १७९४ सालची. १८७१ मध्ये ते किळपाक्कमला आले. १९६१ पासून १९७८ पर्यंत डॉ. शारदा मेनन या त्याच्या प्रमुख होत्या. व्यसनमुक्तीची वाट मात्र एका घरातील दुःखातून निघाली. पती टी. टी. रंगनाथन मद्यासक्तीने गेल्यावर शांती रंगनाथन यांनी १९८० साली त्यांच्या नावाने संस्था काढली आणि रोग्याबरोबर त्याच्या कुटुंबालाही उपचारात सामील करून घेतले. हा विचार भ्रमजनक द्रव्यांना विशेष लागू पडतो, कारण येथे मुलगा बोलत नाही आणि आईबापांना विचारायचे काय ते माहीत नसते.

न बोलण्याचे मुख्य कारण कायद्याची भीती, आणि ती निराधार नाही. १९८५ च्या कायद्यानुसार एलएसडीची व्यापारी मात्रा ग्रॅमचा दहावा भाग आहे. तिच्यावर शिक्षा किमान दहा वर्षांची आणि जामीन कठीण. मुंबई उच्च न्यायालयाने २०२१ साली असे ठरवले, की कागदाचे वजनही द्रव्यातच धरायचे. मग थोडेसे तुकडेही ही मर्यादा ओलांडू शकतात, आणि मित्रांसाठी पार्सल मागवणारा विद्यार्थी व्यापाऱ्यांच्या रांगेत बसतो. याच कायद्यातील ६४-अ कलम मात्र फार थोड्या घरांना ठाऊक असते. सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेला व्यसनी जर सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत स्वेच्छेने उपचार घेईल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडल्यास ही सवलत काढून घेता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही मादक द्रव्यांमुळे होणाऱ्या मनोविकारांना आजारांत गणले आहे. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ हा निःशुल्क दूरध्वनी आहे. मानसिक आरोग्याचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे, आणि तेथे भाषा निवडण्याची सोय आहे. नोकरीनिमित्त चेन्नईत राहणाऱ्या मराठी कुटुंबाला आपल्या मुलाबद्दल तेथे मराठीत बोलता येते.