स्टिक-संगणकाची उष्णता आणि वैदर्भी उन्हाळा

नागपूरच्या पश्चिमेस सुमारे ६० किलोमीटरांवर, नागपूर–इटारसी लोहमार्गावर वसलेले काटोल हे संत्र्यांच्या बागांसाठी प्रसिद्ध असलेले तालुक्याचे गाव. येथील मे महिन्यात छायेतील कमाल तापमान ४२ अंश सेल्सिअसच्या वर असणे ही नित्याची गोष्ट असून, नवतप्याच्या दिवसांत ते ४५ अंशांच्या आसपासही जाते. मनुष्य अशा दिवसांत दुपारी घराबाहेर पडत नाही, गुरे झाडाखाली बांधली जातात. परंतु दूरचित्रवाणी संचाच्या पाठीमागे खोचलेल्या बोटभर संगणकास मात्र त्याच वेळी पूर्ण शक्तीने काम करावयास सांगितले जाते. त्याचे काय होते आणि ते टाळण्यास काय करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बाजारात ज्यास ‘स्टिक’ म्हणतात तो संगणक म्हणजे एचडीएमआय खाचेत थेट बसणारी एक चपटी डबी होय. इंटेल कंपनीने २०१५ साली ‘कॉम्प्युट स्टिक’ या नावाने असा संगणक बाजारात आणला. त्याच वर्षी मुंबईच्या आयबॉल कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या सहकार्याने ‘स्प्लेंडो’ हा स्टिक-संगणक ८,९९९ रुपये किमतीस विक्रीस ठेवला. घरात असलेल्या दूरचित्रवाणीसच संगणकाचा पडदा करण्याची ही सोय अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांस आणि लहान ग्रंथालयांस आकर्षक वाटली यात नवल नाही. पुढे केवळ चित्रपट व मालिका दाखविणाऱ्या स्टिकांचाही प्रसार झाला. या सर्वांच्या रचनेतील मुख्य अडचण एकच आहे. यंत्र लहान केले म्हणजे उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभागही लहान होतो. उष्णता मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही.

उष्णतेच्या वहनाचे तीन प्रकार पदार्थविज्ञानात सांगितले जातात : वहन, अभिसरण आणि प्रारण. हे शब्द पाठ्यपुस्तकांनी घडविलेले आहेत. परंतु त्यांमागील भेद मराठी भाषेस पूर्वीपासून परिचित आहे. तापलेल्या तव्यास हात लागला तर बसतो तो ‘चटका’, म्हणजे वहन. उन्हाळ्याच्या दुपारी वाऱ्याबरोबर अंगावर येते ती ‘झळ’, म्हणजे हलत्या हवेने आणलेली उष्णता. आणि पेटत्या चुलीपासून दूर बसूनही जाणवते ती ‘धग’, म्हणजे प्रारण. या तिन्ही शब्दांचा अनुभव माणसाने उष्णता सोसण्याच्या बाजूने घेतलेला आहे. स्टिक-संगणकाचा प्रश्न त्याच्या उलट बाजूचा आहे. त्यास स्वतःची उष्णता याच तीन मार्गांनी बाहेर टाकावयाची असते; आणि दूरचित्रवाणीच्या पाठीमागे हे तिन्ही मार्ग एकाच वेळी अडविले जातात. संचाच्या धातूच्या खाचेतून चटका उलट स्टिककडे येतो, संचातून वर चढणाऱ्या गरम हवेची झळ तिला लागते, आणि तापलेल्या पाठीची धग तिच्यावर पडत राहते.

हा परिणाम किती मोठा असतो हे साध्या गणिताने समजू शकेल. इंटेलच्या स्टिकची लांबी सुमारे १०३, रुंदी ३७ आणि जाडी १२ मिलिमीटर होती. म्हणजे तिचा एकूण पृष्ठभाग सुमारे ११० चौरस सेंटिमीटर, तळहाताहून फारसा अधिक नाही. स्थिर हवेत अशा पृष्ठभागावरून अभिसरण व प्रारण मिळून दर चौरस मीटरास, दर अंश फरकामागे, ढोबळमानाने १० वॅट उष्णता निघून जाते. यावरून या डबीपासून दर अंश फरकास सुमारे ०.११ वॅट उष्णता बाहेर पडेल. आत ४ वॅट शक्ती खर्च होत असेल, तर तेवढी उष्णता बाहेर टाकण्यास डबीचा पृष्ठभाग परिसराहून सुमारे ३६ अंशांनी अधिक तापावा लागेल. (आत पंखा असल्यास हा फरक कमी होतो, येथे पंखा नसलेली डबी गृहीत धरली आहे.) खोलीचे तापमान २५ अंश असता तो ६१ अंशांवर स्थिरावतो. खोली ४३ अंशांची झाली की तोच ७९ अंशांवर जातो, आणि संचाच्या पाठीमागील कोंडलेली हवा ५० अंशांची असेल तर ८६ अंशांवर. आतील प्रक्रियक तर याहूनही काही अंशांनी अधिक तापलेला असतो. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, यंत्र कोठेही बिघडलेले नाही. बदलली ती केवळ भोवतालची हवा. अशा घरगुती उपकरणांसाठी अनेक निर्माते परिसराच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश ठरवून देतात. विदर्भातील बंद खोली ती मर्यादा मार्च महिन्यातच ओलांडू शकते.

प्रक्रियक अतितप्त होऊ लागला की तो स्वतःचा वेग आपणहून कमी करतो. उदाहरणार्थ, रास्पबेरी पाय या लहान संगणकात ८० अंशांपासून हा संयम सुरू होतो. प्रक्रियकाची शक्ती त्याच्या वारंवारतेच्या आणि विद्युतदाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणून वारंवारता चतुर्थांशाने आणि दाब दशांशाने उतरविला, तर शक्तीचा खर्च जवळजवळ ४० टक्क्यांनी घटतो. ही युक्ती यंत्राचे रक्षण करते. परंतु पाहणाऱ्यास चित्र अडखळताना दिसते, अक्षरे उशिरा उमटतात, आणि ‘यंत्रच हलक्या प्रतीचे’ असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष बहुधा अन्यायाचा असतो.

भाषाभ्यासकांच्या दृष्टीने मात्र हानी एवढ्यावर थांबत नाही. समजा, काटोल परिसरातील वऱ्हाडी–नागपुरी बोलीचे ध्वनिमुद्रण अशा संगणकावर केले जात आहे. ‘डोळा’ऐवजी ‘डोया’, ‘काळा’ऐवजी ‘काया’ असे उच्चार तपासताना स्वरापासून ‘य’पर्यंतचे संक्रमण किती काळ टिकते हे मोजावयाचे असते, आणि तेथील भेद सेकंदाच्या शतांशांत असतात. ध्वनिमुद्रणात सेकंदास ४४,१०० नमुने घेतले जातात. मंदावलेल्या संगणकाने ते वेळेवर उचलले नाहीत तर काही नमुने गळून पडतात. एक शतांश सेकंद गळणे म्हणजे ४४१ नमुने नाहीसे होणे होय. ऐकताना ते कदाचित कळणारही नाही. परंतु मोजणीत स्वर आखूड भरेल आणि तो दोष बोलणाऱ्याच्या उच्चारावर लादला जाईल. शिवाय या यंत्रांतील फ्लॅश स्मृती माहिती विद्युतभाराच्या रूपाने साठविते व उष्णतेने तो भार लवकर गळतो. म्हणून एखाद्या वृद्ध निवेदकाच्या बोलीची एकमेव प्रत उन्हाळाभर अशा स्टिकमध्ये ठेवणे हे धाडसच म्हणावे लागेल.

आता उपायांकडे वळावयास हरकत नाही. पहिला व सर्वांत स्वस्त उपाय स्थानाचा. स्टिक थेट खाचेत न खोचता वीतभर लांबीच्या एचडीएमआय जोडतारेने ती संचापासून दूर आणावी. गरम हवा वर चढते. म्हणून स्टिक संचाच्या वरच्या कडेशी कधीही नसावी, खालच्या कडेखाली मोकळी लोंबत राहावी. ज्या भिंतीवर पश्चिमेचे ऊन येते तिला संच चिकटवू नये, आणि संचावर शोभेसाठी घातलेला भरतकामाचा रुमाल किमान उन्हाळ्यात तरी काढून ठेवावा.

दुसरा उपाय हवेचा. मंद वाऱ्यातही उष्णतेचा निचरा स्थिर हवेपेक्षा पुष्कळ वाढतो. पाच व्होल्टवर चालणारा लहान पंखा यास पुरेसा आहे. वैदर्भी घरातील कूलर हाही या बाबतीत उपकारकच ठरतो. हवा ४३ अंशांची आणि सापेक्ष आर्द्रता २० टक्के असेल, तर ओल्या फुग्याचे तापमान सुमारे २५ अंश भरते, आणि चांगला कूलर खोलीत सुमारे ३० अंशांची हवा सोडू शकतो. वरील गणितातील ७९ अंश यामुळे ६६ अंशांवर उतरतात. मात्र कूलरचे तुषार स्टिकवर येऊ देऊ नयेत. पावसाळ्यात हवा दमट झाल्यावर कूलरचा हा गुण राहत नाही, हेही विसरू नये.

तिसरा उपाय धातूचा. ॲल्युमिनियमच्या पातळ पंखांची पट्टी उष्णतावाहक चिकटपट्टीने डबीवर लावल्यास पृष्ठभाग वाढतो. डबी धातूची असल्यास लाभ अधिक. प्लॅस्टिक मुळातच उष्णतेचे दुर्वाहक असल्यामुळे तेथे लाभ मर्यादित राहतो. पट्टी लावताना हवेची छिद्रे झाकली जाणार नाहीत, याची काळजी घ्यावी.

चौथा उपाय कामाचा भार हलका करण्याचा. चित्राची सूक्ष्मता एक पायरी उतरविणे, नको असलेली पाने मिटविणे, जड काम सकाळी उरकणे आणि काम संपताच वीजपुरवठा बंद करणे, यांस पैसा लागत नाही. याउलट, स्टिक शीतकपाटात ठेवणे अथवा तिच्यावर ओले फडके टाकणे हे उपाय घातकच होत. त्यामुळे आत दव साचून मंडल कायमचे निकामी होऊ शकते.

येथे एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. पुष्कळदा स्टिकला संचाच्याच यूएसबी खाचेतून वीज दिली जाते. जुन्या प्रमाणाच्या खाचेतून ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर, म्हणजे २.५ वॅटच, मिळण्याची हमी असते. ४ वॅटची गरज असलेले यंत्र अशा वेळी एकाएकी बंद पडते आणि दोष उष्णतेस दिला जातो. दोहोंतील फरक ओळखणे अवघड नाही. विजेच्या अपुरेपणाचा दोष भार पडताच प्रकट होतो. उष्णतेचा दोष काही मिनिटांनी, यंत्र तापल्यावर येतो आणि यंत्र थंड होताच नाहीसा होतो. पहिल्यास स्वतंत्र वीज-जोडणी हाच उपाय होय.

शेवटी मोजमापाविषयी. तापमान दाखविणारी आज्ञावली संगणकात सहज मिळते. परंतु एकाच आकड्यावर विसंबणे इष्ट नाही. ३० मे २०२४ रोजी नागपुरातील एका स्वयंचलित हवामान केंद्राने सुमारे ५६ अंश तापमान नोंदविले, ती वार्ता देशभर पसरली, आणि नंतर तो संवेदकाचा दोष असल्याचे भारतीय हवामान विभागास स्पष्ट करावे लागले. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी, अर्ध्या तासाने आणि उपाय केल्यानंतर अशा तीन नोंदी खोलीच्या साध्या तापमापकाच्या नोंदीसह ठेवाव्यात. उपाय लागू पडला किंवा नाही हे त्यांच्या तुलनेवरून कळते.

परदेशी प्रयोगशाळेत २५ अंशांच्या खोलीत कसोटीस उतरलेले यंत्र काटोलच्या मे महिन्यात निराळेच यंत्र ठरते. ते विकत घेणाऱ्या विद्यार्थ्यास दुसरे घेणे परवडेलच असे नाही. वीतभर तार, हातभर मोकळी जागा आणि थोडी वाहती हवा एवढ्यावर त्याचे आयुष्य आणि त्यात साठविलेले काम पुष्कळ अंशी सुरक्षित राहू शकते.