दोर कुणाचा, हे विचारण्यात गैर काय?

आज आपण दोराबद्दल बोलणार आहोत. दोर आपल्याला काही नवा नाही. पोहऱ्याचा दोर, बैलाचा कासरा, गाईचं दावं, भारा बांधायचं चऱ्हाट. रोज कुठला ना कुठला दोर आपल्या हातात असतोच. पण आजचा दोर माणसाचा जीव तोलणारा आहे.

शहरांत आता भिंत चढायची केंद्रं निघाली आहेत. त्यांना क्लाइंबिंग जिम म्हणतात. तिथे कड्यासारखी उंच भिंत उभी केलेली असते आणि हातापायाला आधार म्हणून तिच्यावर रंगीत खुंट्या बसवलेल्या असतात. टोकियो ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ साली, हा खेळ पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये खेळला गेला. शिकायला, नोकरीला शहरात गेलेल्या आपल्या मुलीही तिथे जातात. तिथे एक नियम हमखास ऐकायला मिळतो: "स्वतःचा दोर आणला असेल तर आधी आम्हाला दाखवा." काही ठिकाणी तर सरळ सांगतात, "स्वतःचा दोर आणूच नका." ऐकणाऱ्याला वाटतं, आमच्या वस्तूवर एवढा अविश्वास का? त्यामागचं कारण समजून घेऊ.

भिंत चढणारीच्या कमरेला आणि मांड्यांना पट्टे बांधतात, त्याला हार्नेस म्हणतात. दोर त्या हार्नेसला बांधलेला असतो. दोराची दुसरी बाजू खाली उभ्या असलेल्या जोडीदाराकडे, एका अडकवणीतून गेलेली असते. वरची निसटली की खालची दोर धरते. चढायच्या रीती दोन. पहिल्या रीतीत दोर आधीच वरच्या कडीतून खाली सोडलेला असतो. दुसरीत चढणारी स्वतः दोर वर नेते आणि वाटेतल्या कड्यांमध्ये अडकवत जाते. या दुसऱ्या रीतीत निसटलं तर माणूस जास्त खाली येतो आणि दोराला हिसकाही मोठा बसतो.

पहिल्या रीतीसाठी बहुतेक जिम आपलाच दोर वापरतात. तो कधी टांगला, कधी तपासला, कधी काढायचा, याची त्यांच्याकडे नोंद असते. दुसऱ्या रीतीसाठी अनेक ठिकाणी स्वतःचा दोर चालतो, पण चार गोष्टी पाहूनच.

पहिली गोष्ट, दोराची जात. चढाईचा दोर नायलॉनचा असतो. आत धाग्यांचा गाभा आणि वरून विणलेली खोळ. तो मुद्दाम ताण घेणारा बनवलेला असतो. पडणाऱ्या माणसाचा धक्का तो ताणून जिरवतो. न ताणणाऱ्या दोरावर माणूस पडला, तर दोर तुटला नाही तरी सगळा हिसका कमरेला आणि पाठीला बसतो. अशा दोराची परीक्षा ठरलेली आहे. एकेरी वापराच्या दोरावर ८० किलो वजन जोराने पाडतात. असे किमान ५ धक्के त्याने न तुटता सोसले पाहिजेत. पास झालेल्या दोराच्या टोकाला गोलात १ आकडा छापलेला असतो. जिमवाले आधी तो आकडा शोधतात. आपला विहिरीचा दोर कितीही जाड आणि दणकट असला, तरी ही परीक्षा त्याने दिलेली नसते.

दुसरी गोष्ट, लांबी. भिंत १५ मीटर उंच असेल तर दोर वर जाऊन खाली यायला ३० मीटर लागतो. गाठीला आणि खाली उभ्या असलेल्या जोडीदाराला आणखी लागतो. म्हणून ३५ ते ४० मीटर दोर मागतात. दोर अपुरा पडला तर वरच्या बाईला खाली सोडता सोडता त्याचं टोक अडकवणीतून निसटतं आणि ती थेट जमिनीवर येते. म्हणून लांबी पुरेशी असली तरी मोकळ्या टोकाला गाठ मारायला सांगतात.

तिसरी गोष्ट, स्वच्छता. दोरात माती, वाळू असली की ती आतले धागे कापते. असा दोर वरच्या लोखंडी कडीवर घासला की कडीलाही खाच पडते. मग त्या खाचेची धार पुढच्या माणसाचा दोर कापू शकते. म्हणजे एकीच्या मळक्या दोराने दुसरीचा जीव धोक्यात येतो.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची: दोराचा इतिहास. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, असं आपण म्हणतो. या दोराचं उलट आहे. वरून नवा दिसला तरी आतून गेलेला असू शकतो. बॅटरीच्या ॲसिडची वाफ लागली तरी नायलॉन कमजोर होतं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. उन्हानेही ते हळूहळू खराब होतं. म्हणून दोर हातातून सरकवत, बोटांनी चाचपून पाहतात. कुठे मऊ पडला का, चपटा झाला का, खोळ फाटली का. वापरलाच नाही तरी १० वर्षांनंतर दोर बाद करा, असं बनवणारे सांगतात. रोजच्या वापरातला त्याच्या कितीतरी आधी जातो. म्हणूनच जुना, वापरलेला दोर स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. त्याने काय काय सोसलंय, हे विकणारा सांगेलच असं नाही.

आता हे आपल्या दारापर्यंत कसं येतं? गडकिल्ल्यांच्या पायथ्याच्या गावांत आपल्या सख्या पाहुण्यांच्या जेवणाची सोय करतात. अकोले तालुक्यातल्या सांदण दरीत दोरावरून उतरायला लांबून लोक येतात. उतरायचा दोर कमी ताणणारा असतो, चढायचा जास्त. पण दोन्ही माणसासाठीच बनवलेले असतात. तेव्हा कुणी घाईत "तुमच्या विहिरीचा दोर द्या हो" म्हणालं, तर भीड न बाळगता नाही म्हणा. विहिरीतला गाळ काढायला माणूस उतरतो, तेव्हाही हेच लक्षात ठेवा. पोहरा पेलणारा दोर माणूस पेलेलच असं नाही.

मुलगी भिंत चढायला जाते म्हणाली तर तिला अडवू नका, चार प्रश्न विचारा. दोर कुणाचा? किती वर्षांचा? आज कुणी तपासला? टोकाला गाठ आहे का? आपल्या गावात सहल घेऊन येणाऱ्यांनाही हेच विचारा. जो आपल्या दोराची काळजी घेतो, त्याला या प्रश्नांचा राग येत नाही. ज्याला राग येतो, त्याच्या दोरावर आपलं लेकरू सोडू नका.