जीव नकोसा झालेल्याने बोलायचे कुणाशी?

आत्महत्येबद्दल भोवतालचे लोक काय बोलतात, त्यावर संकटातला माणूस तोंड उघडतो की मिटून घेतो, हे बरेचसे ठरते. ‘पळपुटा आहे’, ‘नाटकं करतो’, ‘बोलणारा कधी करत नाही’ अशी वाक्ये सर्रास कानावर येतात. त्यातले शेवटचे सर्वांत घातक, कारण जीव नकोसा झाल्याचे बोलून दाखवणारा बहुधा मदतच मागत असतो.

अहिल्यानगर जिल्ह्याच्या दुष्काळी दक्षिण भागात, जामखेडला, डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभा केला. या परिसरात २४० गावकरी आणि ६० ग्राम आरोग्य सेविकांची मानसिक आजारांविषयीची मते अभ्यासली गेली. निष्कर्ष २००९ पासून प्रसिद्ध झाले. पाहणी थेट आत्महत्येवर नव्हती, तरी बोलकी होती. नैराश्याच्या मुळाशी घरातले ताण आणि आर्थिक ओढाताण असते, हे गावाला नेमके ठाऊक होते. मात्र त्याच आजाराला मनाचा दुबळेपणा मानण्याकडेही कल होता. माणूस वाईट नाही, पण त्याने स्वतःच सावरावे, असा हा सूर.

सरकारी मोजमापही नजर घडवते. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला मदत मिळण्यासाठी प्रकरण ‘पात्र’ ठरावे लागते आणि तिथे सातबारा व थकीत कर्ज पाहिले जाते. त्यामुळे चर्चा कर्जाभोवतीच फिरते. २०२२ मध्ये देशात शेतीतल्या ११,२९० जणांच्या, तर २५,३०९ गृहिणींच्या आत्महत्यांची नोंद झाली. गृहिणींविषयी मात्र फारसे कुणी बोलत नाही.

कायद्याची भीती हे गप्प बसण्याचे आणखी एक कारण. भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा होता. मुंबई उच्च न्यायालयाने १९८६ मध्ये ते घटनाबाह्य ठरवले, पण सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये वैध मानले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरले आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलम उरले नाही. तरीही पोलीस आणि सोयरिकीच्या धास्तीने घरचे दवाखान्यात ‘चुकून झालं’ असे सांगतात. जखम बरी होते, समुपदेशन राहून जाते. वास्तविक आधी प्रयत्न केलेल्या व्यक्तीलाच पुढे धोका जास्त असतो.

‘जीव द्यावासा वाटतो का?’ असे सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. हे विचारायला आशाताई, शिक्षक, शेजारीही पुरे. त्या माणसाला एकटे सोडू नये आणि डॉक्टरांपर्यंत न्यावे. ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य असून तिथे चोवीस तास मराठीतही बोलता येते; तो घरातल्या प्रत्येक मोबाईलमध्ये असू द्यावा.