आईच्या बोटांना जमेल असा कळफलक

मोबाईल आता चाळीत, झोपडपट्टीत, खेड्यातल्या शेवटच्या वस्तीवर, सगळीकडे पोहोचला. पण घरोघरी एक गोष्ट आम्ही हमखास पाहतो. आई फोन हातात घेते, इकडेतिकडे बोट फिरवते आणि शेवटी मुलाकडे देऊन म्हणते, "तूच लिही बाबा, मला नाही जमत." जिने चौथीपर्यंत शाळा केली, जिला बाराखडी अजून तोंडपाठ आहे, जी पेपरातले मथळे अडखळत का होईना पण वाचते, तिला दोन ओळींच्या निरोपासाठी पोराची मिनतवारी करावी लागते. पोरगा लिहितो तेही इंग्रजी अक्षरांत. म्हणजे स्वतःचाच निरोप तिला वाचता येत नाही! यात आईचे अडाणीपण किती आणि यंत्र घडविणाऱ्याचे किती, हे कोणी विचारीत नाही.

ज्यांनी हा प्रश्न विचारला आणि त्यावर वर्षानुवर्षे काम केले, त्यांत प्रा. अनिरुद्ध जोशी यांचे नाव घ्यावे लागेल. मुंबईत पवईला आय.आय.टी. आहे. तेथे 1969 साली औद्योगिक आरेखन केंद्र, म्हणजे आय.डी.सी., सुरू झाले. जोशी सर तेथले. डिझाईन म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे साडीचे काठ नाहीतर लग्नपत्रिका येते. यांचे डिझाईन वेगळे. माणूस आणि यंत्र यांची गाठ पडते तेथे बोट कोठे अडते, माणूस कशाने गोंधळतो, कशाने त्याला धीर येतो, हे पाहून यंत्राची वागणूक ठरवायची. याला 'युजर एक्सपीरियन्स' असे भारदस्त नाव आहे. आपण त्याला वापरणाऱ्याचा अनुभव म्हणू.

मराठी लिहिण्याची यंत्रे आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. कचेरीतला टाइपरायटर आठवा. त्यावर अर्धी अक्षरे वेगळ्या कळांवर असत, आणि 'कि' लिहायचे तर पहिली वेलांटी आधी आणि 'क' नंतर मारावा लागे. तोंडाने उच्चार एका क्रमाने, बोटांनी काम दुसऱ्याच क्रमाने! त्यामुळे टायपिंगच्या क्लासला महिनोन्‌महिने घासल्याशिवाय ती विद्या येत नसे. पुढे संगणक आले आणि सरकारने 1980 च्या दशकात 'इनस्क्रिप्ट' ही रचना प्रमाण ठरविली. डाव्या हाताला स्वर व मात्रा, उजव्या हाताला व्यंजने, 'क' आणि 'ख' एकाच कळीवर. रचना शहाणपणाची होती, सरावलेला माणूस तिच्यावर झपाट्याने लिहितो. पण तिचा सांगाडा इंग्रजी कळफलकाचाच. ज्याने इंग्रजी कळफलकही कधी पाहिला नाही, त्याला 'ढ' कोठे शोधावा हे कसे कळावे?

जोशी सर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रथम 'कीलेख' नावाचा कळफलक केला. त्याची माहिती त्यांनी 2004 साली जगभरच्या संशोधकांपुढे मांडली. त्यातली युक्ती साधी होती. अक्षरे वर्णमालेच्याच क्रमाने मांडायची. क-ख-ग-घ एका ओळीत, त्याखाली च-छ-ज-झ, त्याखाली ट-ठ-ड-ढ. पहिलीच्या वर्गात भिंतीवर जो तक्ता टांगलेला असतो, तोच कळफलक झाला. शाळेत गिरवलेले वाया गेले नाही.

मोबाईलच्या काचेवर मात्र वेगळीच अडचण उभी राहते. इंग्रजीची 26 अक्षरे तीन ओळींत मावतात. मराठीत 34 व्यंजने आणि प्रत्येकाची बाराखडी धरली तर 408 रूपे होतात. जोडाक्षरे निराळीच. बोटभर रुंदीच्या पडद्यावर हे सगळे मांडायचे कसे? यावर 2013 साली आय.डी.सी.तून आलेले उत्तर म्हणजे 'स्वरचक्र'. 'क' वर बोट टेकवले की त्याच्याभोवती एक गोल चक्र उमटते. त्यात का, कि, की, कु, कू, के अशी बाराखडी फेर धरून उभी असते. बोट न उचलता हव्या त्या रूपाकडे सरकवायचे आणि सोडायचे, की अक्षर उमटले. नुसता 'क' हवा तर टेकवून उचलायचे. वेलांटी आणि काना यांच्या सुट्या कळा शोधण्याचे कारण उरत नाही.

'कष्टकरी' हा आपल्या घरातला शब्द घेऊ. क टेकवा. ष घेऊन त्याचा पाय मोडा, म्हणजे हलन्त निवडा, मग ट. पुन्हा क. शेवटी र वर बोट ठेवून 'री' कडे सरकवा. झाला शब्द. जोडाक्षराची फोड बाईंनी फळ्यावर जशी करून दाखविली होती, तशीच ही.

गोल चक्राची कल्पना अगदी कोरी नव्हे. गोल मांडणीत मधून प्रत्येक पर्याय सारख्याच अंतरावर असतो, त्यामुळे खाली खाली उतरणाऱ्या यादीपेक्षा हात लवकर पोहोचतो, हे परदेशी संशोधकांनी 1988 सालीच दाखविले होते. तिला आपल्या बाराखडीची जोड दिली, यात या मंडळींची करामत आहे. मराठीबरोबर इतर भारतीय भाषांसाठीही स्वरचक्रे निघाली आणि ती फुकट दिली गेली, हे आम्हांला विशेष वाटते.

पण ज्यांना अक्षरओळखच नाही त्यांचे काय? त्यांच्यासाठी या गटाने 'रांगोळी' नावाची फोनवही तयार केली. 2008 साली तिची माहिती प्रसिद्ध झाली. नावांच्या यादीऐवजी रंग आणि चित्रे. समजा पिवळ्या रंगावरचा बैल म्हणजे गावाकडचा मामा, हिरव्यावरचे फूल म्हणजे सासरी दिलेली लेक. वाचता येत नसले तरी माणूस रंग विसरत नाही, जागा विसरत नाही.

एच.आय.व्ही. बाधितांसाठी केलेले काम तर याहून नाजूक. या आजाराच्या गोळ्या रोज, वेळच्या वेळी घ्याव्या लागतात, खंड पडून चालत नाही. त्यासाठी रुग्णाच्या भाषेत बोलून गोळीची आठवण देणारी आणि त्रास झाल्यास सल्ला देणारी दूरध्वनी सेवा त्यांनी बांधली. तिचे अनुभव 2014 साली मांडले गेले. वाचकहो, आपल्या घरांत फोन एकट्याचा नसतो. तो कधी दीर उचलतो, कधी शेजारीण. 'गोळी घेतली का' हे वाक्य भलत्या कानावर पडले तर त्या बाईचे घर उठेल! येथे नुसती सोय पाहून भागत नाही, माणसाची अब्रूही सांभाळावी लागते.

आता कोणी म्हणेल, हल्ली फोनशी बोलले की तोच मराठी लिहितो, मग कळफलकाची कटकट कशाला? बोलून लिहिण्याची सोय चांगलीच आहे, ती आम्हीही वापरतो. परंतु दहा बाय दहाच्या खोलीत, सासू-सासरे पलीकडे बसलेले असताना, नव्या सुनेने आपले दुखणे आईला मोठ्याने बोलून कसे कळवावे? तिला गुपचूपच लिहावे लागणार. बोट सरकविण्यातही अडचणी आहेत. कापऱ्या हाताच्या म्हाताऱ्या माणसाचे बोट 'कि' वरून 'की' वर घसरू शकते. तेव्हा हे काम संपले असे नव्हे.

ते पुढे नेणारे आपल्या मुलामुलींतून का निघू नयेत? ज्या घरात आजी निरक्षर आणि नात पदवीधर, त्या घरातल्या नातीला ही अडचण पुस्तकातून शिकावी लागत नाही. बारावीनंतर, शाखा कोणतीही असो, 'युसीड' ही परीक्षा देऊन आय.आय.टी. मुंबईच्या चार वर्षांच्या डिझाईन पदवीला जाता येते. हा अभ्यासक्रम 2015 साली सुरू झाला. पदवीधरांसाठी 'सीड' ही वेगळी परीक्षा आहे. राखीव जागा येथेही आहेत. चित्रकलेचा हात आणि निरीक्षण दोन्ही तपासले जाते, तेव्हा दहावीनंतर चित्रकलेची वही माळ्यावर टाकू नका. जातीचा दाखला आणि इतर कागदपत्रे मात्र अर्ज भरण्याआधीच तयार ठेवा, कारण शेवटच्या आठवड्यात तहसील कचेरीत रांग फार असते.