विश्लेषण : 'वाढत्या अंगाचे' कपडे मुलांना का नकोत?

बालदिन, वाढदिवस, सहल, स्नेहसंमेलनाचा आठवडा, काही शाळांत महिन्यातला एखादा शनिवार. 'उद्या रंगीत कपडे घालून या' असा निरोप आला की चौथीतले मूल उड्या मारते. तेच मूल आठवीत गेले की आदल्या रात्री कपाट उपसते आणि 'माझ्याकडे कपडेच नाहीत' असे जाहीर करते. कपाट तर भरलेले असते. मग आईवडिलांना हा हट्ट वाटतो आणि घरात वाजते. या भांडणात आवडीनिवडीपेक्षा मापाचा आणि वयाचा भाग मोठा आहे.

एका दिवसाच्या कपड्यांचा एवढा ताण का?

गणवेशात सगळे सारखे दिसतात. रंगीत कपड्यांच्या दिवशी ही आड निघून जाते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी 1967 मध्ये पौगंडावस्थेतल्या मुलांविषयी 'काल्पनिक प्रेक्षक' ही कल्पना मांडली. आपल्याकडे सगळे टक लावून पाहत आहेत, असे या वयात मुलांना मनापासून वाटते. 'कोण बघतंय तुझ्याकडे?' हे घरातले ठरलेले वाक्य म्हणूनच वाया जाते. मुलाच्या लेखी सगळा वर्ग बघत असतो. शिवाय आता शाळा सुटताच फोटो समूहावर येतात, तेव्हा ही भीती अगदीच काल्पनिक राहिलेली नाही.

बहुतेक मुलांना वर्गात उठून दिसायचेही नसते. चारचौघांसारखे, पण 'बाळ' न वाटणारे, एवढीच मागणी असते. छातीवर कार्टून असलेला टीशर्ट गेल्या वर्षीपर्यंत लाडका होता. यंदा तोच नको असतो.

या वयाला माप का सापडत नाही?

मुलींची उंची साधारण अकरा-बाराव्या वर्षी आणि मुलांची तेरा-चौदाव्या वर्षी सर्वात वेगाने वाढते. त्या काळात वर्षाला आठ ते दहा सेंटिमीटरची भर पडू शकते. ही वाढही सरळ नसते. आधी हात-पाय लांबतात, धड नंतर भरते. त्यामुळे पँट घोट्याच्या वर जाते तेव्हा कमर मात्र सैलच असते. दिवाळीत घेतलेली जीन्स जूनमध्ये आखूड झाली, तर त्यात दुकानदाराचा दोष नसतो.

दुकानात लहान मुलांचा विभाग '13-14 वर्षे' किंवा '15-16 वर्षे' अशा चिठ्ठ्यांपाशी संपतो आणि पलीकडे मोठ्यांचा 'स्मॉल' सुरू होतो. एकाच वर्गातल्या दोन तेरा वर्षांच्या मुलांच्या उंचीत वीतभर फरक असतो, तिथे वयाची चिठ्ठी काय सांगणार? युरोपीय पद्धतीत मुलांचे माप वयापेक्षा उंचीवर ठरते. 152, 158, 164 असे सहा-सहा सेंटिमीटरचे टप्पे असतात. चिठ्ठीवर हा आकडा असेल तर वयाकडे दुर्लक्ष करून तोच पाहावा.

भारतीय बांध्यानुसार प्रमाण मापे ठरवण्यासाठी 'निफ्ट' या संस्थेने 'इंडियासाइज' हा प्रकल्प हाती घेतला. सहा शहरांतल्या 25 हजारांहून अधिक लोकांची मापे घेण्याची त्याची योजना. पण त्यासाठी निवडलेला वयोगट 15 ते 65 आहे. माप न सापडणारी तेरा-चौदा वर्षांची मुले त्यातही बाहेरच.

'वाढत्या अंगाचे' घेण्यात चूक काय?

हिशेब चुकीचा नाही. दोन मापे मोठे घेतले की दोन वर्षे निघतात, यावर मराठी घरांच्या पिढ्या चालल्या. अडचण अशी की खांद्यावरून ओघळणारा सदरा ते मूल मित्रांसमोर घालतच नाही. तो मापात येईपर्यंत आवड बदललेली असते. न घातलेला स्वस्त कपडा सर्वात महाग पडतो.

पूर्वी शिंपी शिलाईत 'माया' ठेवत असे, म्हणजे पुढे उसवून वाढवता येईल एवढे जास्तीचे कापड. तयार कपड्यांत ही माया जवळपास नसतेच. म्हणून खांद्याला नेमका बसणारा शर्ट घ्यावा, कारण खांदा दुरुस्त करणे कठीण आणि खर्चिक असते. पँट मात्र लांबीला जास्त घेऊन खालची दुमड आत शिवून घ्यावी. दोन-तीन इंच हाताशी राहतात. मोठ्या मापाची हौस भागवायचीच तर सध्या मुलांना आवडणारे 'ओव्हरसाइज' टीशर्ट आहेतच. ते मुळातच सैल बेतलेले असतात. आईचा हिशेब आणि मुलाची आवड जुळण्याची ही दुर्मीळ जागा.

मुलींचे प्रश्न वेगळे आहेत का?

बरेच. कपड्यांबद्दलच्या सूचना शाळेकडून आणि घरूनही मुलींनाच जास्त मिळतात. बाही केवढी, लांबी कुठवर, गळा कसा. त्यात मासिक पाळी नुकतीच सुरू झालेली असते आणि तारीख भरवशाची नसते. पांढरी लेगिंग नाकारणाऱ्या मुलीला नखरेल म्हणण्याआधी हे लक्षात घ्यावे. गडद रंगाची पँट, वर लांब कुर्ता किंवा शर्ट, आणि खिसा असला तर उत्तम. अंगाला येत असलेल्या बदलांमुळे अनेक मुली घट्ट, पातळ कपडे टाळतात. त्या कारण सांगतीलच असे नाही, आणि दुकानात सगळ्यांसमोर विचारूही नये.

खर्च कुठे करावा?

22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजार रुपयांपर्यंतच्या कपड्यावर पाच टक्के आणि त्यावर 18 टक्के जीएसटी आहे. वर्षभरात आखूड होणाऱ्या कपड्यासाठी ही रेषा ओलांडण्याचे कारण नाही. मुंबईतली फॅशन स्ट्रीट, पुण्यातली तुळशीबाग किंवा गावातला आठवडी बाजार, इथे निम्म्या पैशांत काम होते. मात्र अशा ठिकाणी घालून पाहायची सोय सहसा नसते. घरून मापाची जुनी पँट सोबत नेऊन कमरेला कमर लावून पाहावी. ऑनलाइन घेताना परतीची मुदत पाहावी आणि कार्यक्रमाच्या किमान दहा दिवस आधी मागवावे. सुती कपडा पहिल्या धुण्यात आटतो, तेव्हा एकदा धुऊनच घालायला द्यावा.

रक्कम पालकांनी ठरवावी आणि त्या रकमेत निवड मुलाला करू द्यावी. पहिली निवड फसेल. पाचशे रुपयांत फसलेली बरी.

शाळांचे काय?

सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांत पहिली ते आठवीपर्यंत मोफत गणवेश मिळतो. समग्र शिक्षा योजनेत त्यासाठी दोन जोडांमागे वर्षाला 600 रुपये धरलेले आहेत. रंगीत कपड्यांसाठी कुणी काही धरलेले नाही. ज्या घरात सणाचा एकच जोड आहे, त्या मुलाला हा दिवस जड जातो. 'पारंपरिक वेश', 'अमुक रंगाचा दिवस' असे फर्मान निघाले की आणखी एक खरेदी आलीच, तीही एका दिवसासाठी आणि बहुधा दोन दिवसांच्या सूचनेवर. घरात असलेला कोणताही स्वच्छ कपडा चालेल आणि गणवेशात आले तरी चालेल, एवढी ओळ शाळेच्या निरोपात घालायला पैसे लागत नाहीत.