जुन्या गोल्डविंगचे एअर शॉक: आधी गळती शोधा

होंडाने १९८० साली गोल्डविंग जीएल ११००ला हवेचं सस्पेन्शन दिलं. चाळीसेक वर्षांनी मागचे शॉक हवा सोडू लागले, तर नवल नाही. पण लगेच नवे मागवू नका. व्हॉल्व्ह आणि नळीच्या जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे तिथेच आले, तर एखाद्या ओ-रिंगवर भागतं. दांड्यावर तेल ओघळलंय? मग सील गेलं. दांड्याला गंजाचे खड्डे असतील, तर नवं सीलही टिकत नाही. तेव्हा जोडीच बदला, एकच शॉक नको. आणि पेट्रोल पंपावरची हवा अजिबात भरू नका! आत जागा इतकी थोडी की दाब क्षणात चढतो नि सील फुटतं. साधा हातपंप वापरा.